उपशाचा वेग कुणी ठरवायचा?

2024 च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये, महिन्याभराच्या अंतरानं दोनदा, केंद्र सरकारनं शहरांत सीएनजी पुरवणाऱ्या कंपन्यांच्या वाट्याचा स्वस्त देशी वायू कमी केला. नोव्हेंबरात मुंबई, ठाणे, नवी मुंबईत सीएनजी किलोमागे दोन रुपयांनी महागला. ठाणे स्टेशनबाहेरच्या रांगेत रिक्षावाल्यांनी गॅस कंपनीला शिव्या घातल्या, प्रवाशांनी रिक्षावाल्यांना घातल्या आणि आठवड्याभरात सगळे नव्या दराला सरावले. कपातीचं कारण कुणी फारसं विचारलं नाही. मागणी वाढतेय आणि जुन्या क्षेत्रांतून निघणारा वायू घटतोय, हे ते कारण. ही जुनी क्षेत्रं म्हणजे सरकारनं पूर्वीच ओएनजीसी आणि ऑइल इंडियाला नेमून दिलेली. त्यातला मोठा वाटा आपल्या समोरच्या समुद्रातला आहे: मुंबई हायचा आणि वसईच्या वायुक्षेत्राचा.

क्षेत्र जुनं झालं की उत्पादन घटणारच, असं म्हणून हा विषय मिटवला जातो. ते खरंच आहे, पण अर्धं. एखादं क्षेत्र आयुष्यभरात एकूण किती देणार, हे काही अंशी त्याच्या तरुणपणी त्याला किती जोरानं उपसलं यावर ठरतं. आणि तो जोर किती असावा हा निर्णय आपल्याकडे बहुतेक वेळा वर्षाअखेर किती टन तेल निघालं याकडे पाहून झाला आहे. माझा आक्षेप त्या टनांना आहे.

आधी जमिनीखाली काय चालतं ते पाहू. समुद्रतळाखाली तेलाचं तळं नसतं. मुंबई हायमध्ये तेल आहे ते चुनखडीच्या बारीक छिद्रांत, आणि ही चुनखडीही एकसंध नाही. थरांवर थर आहेत, मध्ये शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचे, पडदे आहेत. काही थरांतून तेल सहज वाहतं, काहींतून रडत-रखडत. या तेलात वायू विरघळलेला असतो, साठ्याच्या डोक्यावर मोकळ्या वायूची टोपी असते आणि पायथ्याशी पाणी. तेल विहिरीकडे येतं ते दाबाच्या फरकामुळे. विहिरीच्या तोंडाशी असलेला चोक, म्हणजे प्रवाह कमी-जास्त करणारी झडप, जितका उघडाल तितका तळाशी दाब पडतो आणि तितकं तेल जास्त येतं. इथवर सगळं सोपं आहे.

अडचण अशी की दाब पडला की तेलच येतं असं नाही. किनाऱ्याजवळच्या गावातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. उरण-अलिबाग पट्ट्यात वाडीतल्या विहिरीवर पंप बसवून सकाळ-संध्याकाळ ओढलं की उन्हाळ्यात पाणी मचूळ लागायला लागतं. गोड्या पाण्याच्या थराखाली खारं पाणी असतं. बेतानं काढलं तर दोन्ही आपापल्या जागी राहतात. जोर केला की खारं पाणी विहिरीखाली सुळक्यासारखं वर चढतं. पंप बंद केला म्हणून ते लगेच खाली उतरत नाही. तेलाच्या विहिरीत हेच होतं, फक्त दोन्ही बाजूंनी: खालून पाण्याचा सुळका आणि वरून वायूचा उलटा. क्षेत्रावरचे लोक याला कोनिंग म्हणतात. पाणी आणि वायू दोन्ही सहसा तेलापेक्षा पातळ, त्यामुळे एकदा वाट सापडली की ते तेलाला मागे टाकून पुढे येतात. विहिरीतून रोज तेवढाच द्रव वर येत राहतो, पण त्यात पाण्याचा टक्का, म्हणजे वॉटर कट, चढत जातो आणि तेल बाजूच्या खडकात तसंच राहतं.

दुसरी गोष्ट विरघळलेल्या वायूची. दाब एका ठरावीक पातळीखाली गेला की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखा वायू तेलातून सुटतो. ही पातळी म्हणजे बबल पॉइंट. सुटलेला वायू आधी छिद्रांत अडकतो, मग एकमेकांना जोडला जाऊन विहिरीकडे पळतो. मागे उरलेलं तेल घट्ट होतं, आकसतं, हलायला नाखूश होतं. तेलाला पुढे ढकलणारी ताकद त्या वायूतच होती. तो निघून गेला की साठा थकतो. फक्त विरघळलेल्या वायूच्या जोरावर चालणाऱ्या साठ्यातून साधारण 5 ते 30 टक्के तेल निघतं, बाकीचं खाली राहतं. भक्कम पाण्याचा आधार असेल तर हाच आकडा 35 पासून 70 टक्क्यांच्या पुढेही जातो. म्हणजे साठ्यातलं तेल तेच, खडकही जवळपास तसाच, पण दाब टिकला की नाही यावर हाती येणारं तेल दुप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकतं.

यावरून कुणी ‘मग सगळं हळूहळू काढा’ असा निष्कर्ष काढला तर तोही चुकीचा आहे, आणि पर्यावरणाच्या बाजूनं लिहिणारे माझे काही मित्र नेमका तोच काढतात. बंदिस्त साठ्यात कोरडा वायू असेल, खालून पाणी येत नसेल, तर भराभर काढा की सावकाश, शेवटी हाती येणाऱ्या वायूत फारसा फरक पडत नाही. वायूच्या साठ्याखाली जोरकस पाणी असेल तर हिशेब उलटा होतो. तिथं सावकाश काढलं तर पाणी निवांत वर सरकतं आणि वाटेत मोठ्या दाबाखाली वायू छिद्रांत कोंडून टाकतो. जास्त दाबाखाली कोंडलेला वायू म्हणजे जास्त वायू गमावला. अशा ठिकाणी पाणी पोचायच्या आत दाब उतरवून घेणं फायद्याचं ठरू शकतं, हे 1960 च्या दशकापासून गणितानं दाखवलेलं आहे. शिवाय वायूची विहीर फारच मंद चालवली तर वायूला पाण्याचे थेंब वर उचलून नेण्याइतका वेग राहत नाही, ते नळीत साचत जातात आणि विहीर स्वतःच्याच पाण्यात बुडून बंद पडते. तेलाच्या साध्या, एकजिनसी, बंदिस्त साठ्यातही वेगाचा एकूण प्राप्तीवर, म्हणजे शेवटी हाती येणाऱ्या तेलावर, थेट परिणाम नगण्य असतो, असंच जुनं सिद्धांतगणित सांगतं. खरी क्षेत्रं मात्र तशी नसतात.

समुद्रात आणखी एक व्यावहारिक बाब येते. प्लॅटफॉर्म खाऱ्या पाण्यात उभे असतात. साधारण पंचवीस वर्षांचं आयुष्य धरून बांधलेली पोलादी रचना दुरुस्त्या करत चाळीस-पन्नास वर्षं चालवावी लागते. उपसा अर्ध्यावर आणला म्हणून प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, हेलिकॉप्टर आणि माणसांचा खर्च अर्धा होत नाही. तेल काढणं परवडत नाही तो दिवस लवकर येतो आणि सावकाशीनं वाचवलेलं तेल कायमचं खालीच राहतं.

त्यामुळे योग्य वेग म्हणून एकच आकडा नाही. तो क्षेत्रागणिक, थरागणिक, कधी विहिरीगणिक बदलतो. पाण्याचा सुळका स्थिर राहील असा उभ्या विहिरीचा सुरक्षित वेग गणितानं काढता येतो, पण तो अनेकदा इतका कमी येतो की त्यावर खर्च निघत नाही. म्हणून आडव्या विहिरी खणतात: लांब आडव्या तोंडानं थोडा थोडा दाब पाडत तेवढंच तेल घेता येतं. मुंबई हायवर 2000 नंतरच्या पुनर्विकासात अशा विहिरी मोठ्या प्रमाणावर खणल्या गेल्या. मुद्दा असा की वेग ठरतो तो मोजमापांवरून: दाब, वॉटर कट, तेलाबरोबर येणाऱ्या वायूचं प्रमाण, आणि काढलेल्या द्रवाच्या बदल्यात खाली किती पाणी भरलं. टन हा या सगळ्याचा परिणाम आहे. आपण परिणामालाच लक्ष्य करून बसलो.

मुंबई हायची कहाणी याच दृष्टीनं वाचायला हवी. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खणणाऱ्या रिगनं मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधलं. मे 1976 मध्ये, म्हणजे सव्वादोन वर्षांत, उत्पादन सुरू झालं. तेव्हाच्या साधनांच्या मानानं ही कामगिरी कौतुकाचीच होती. मग 1979 चा तेलाचा दुसरा भडका आला, परकीय चलनाची चणचण होती, आणि मुंबई हाय हे देशाच्या हातातलं एकमेव मोठं पान होतं. उत्पादन चढत गेलं. 1980 च्या दशकात हे एकच क्षेत्र दिवसाला चार लाख बॅरलहून अधिक तेल देत होतं आणि दशकाच्या मध्याला देशाची बरीचशी गरज देशी तेलावर भागत होती. त्याच काळात तेलाबरोबर येणारा वायू वाहून न्यायला पुरेशा पाइपलाइन आणि कॉम्प्रेसर नव्हते, म्हणून त्याचा मोठा वाटा समुद्रातच जाळून टाकला जात होता. साठ्याला ढकलणारी ताकद अशी मशालीसारखी जळत होती. त्या क्षेत्रातल्या थरांना नैसर्गिक पाण्याचा आधार बेताचाच, त्यामुळे बाहेरून पाणी भरणं अपरिहार्य होतं. ते सुरू झालं, पण उत्पादनाच्या मागून रखडत.

हिशेब 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चुकता झाला. वायूचं प्रमाण बेसुमार वाढलेल्या बऱ्याच विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. देशाचं तेल उत्पादन 1989-90 मध्ये सुमारे 3.4 कोटी टन होतं, ते 1992-93 मध्ये 2.7 कोटी टनांवर आलं. आसामातल्या अशांततेचाही यात वाटा होता, सगळं खापर मुंबई हायवर फोडणं बरोबर नाही. पण वेळ पाहा. आखाती युद्धानं किमती भडकल्या, 1991 मध्ये सोनं गहाण टाकायची पाळी आली, आणि नेमकं तेव्हा देशाचं सगळ्यात मोठं क्षेत्र धापा टाकत होतं.

अति उपसा झाला की पाणी भरायला उशीर झाला, असा वाद तेव्हापासून चालू आहे. मला तो वाद दोन भावांच्या वाटणीसारखा वाटतो, कारण दोघंही एकाच घराबद्दल बोलतात. उपसा जास्त आहे की कमी, हे भरणाच्या तुलनेतच ठरतं. दिवसाला चार लाख बॅरल काढून तेवढ्याच जागेत पाणी भरलं असतं तर वेगाची तक्रार निम्म्यानं कमी झाली असती. पाणी भरायची यंत्रणा उभी राहीपर्यंत उपसा आवरला असता तरी तेच. दोन्ही झालं नाही, कारण कुणाच्याही कागदावर ‘खाली काय शिल्लक आहे आणि किती दाबावर आहे’ हा रकाना ठळक नव्हता. ‘यंदा किती टन’ हा होता.

तो अजूनही आहे. सरकारी तेलकंपन्या मंत्रालयाबरोबर दरवर्षी सामंजस्य करार करतात आणि त्यात वर्षाच्या उत्पादनाचं लक्ष्य असतं. दर महिन्याला उत्पादनाचा अहवाल निघतो, लक्ष्य किती आणि प्रत्यक्ष किती. वर्तमानपत्रांत बातमी येते: उत्पादन अमुक टक्के घटलं. संसदेच्या समितीपुढे अधिकाऱ्यांना जाब विचारला जातो तो त्या टक्क्यांचा. अशा वेळी मार्च तोंडावर आला असताना वॉटर कट वाढतोय म्हणून विहिरीचा चोक आवळायचा निर्णय कोणता क्षेत्रप्रमुख घेईल? घेणारे असतीलही, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण व्यवस्था त्यांच्या बाजूनं नाही.

खासगी कंपनीकडे दिलं की हा प्रश्न सुटतो, असंही नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या डी-6 गटात एप्रिल 2009 मध्ये वायू निघायला लागला. वर्षभरात तो दिवसाला 6 कोटी घनमीटरच्या वर गेला आणि चार वर्षांत चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. साठ्याचा अंदाजही सुमारे 10 ट्रिलियन घनफुटांवरून 3 ट्रिलियनच्या आसपास उतरवावा लागला. सरकार म्हणालं, ठरल्याइतक्या विहिरी खणल्या नाहीत म्हणून हे झालं. कंपनी म्हणाली, भूगर्भ अंदाजापेक्षा वेगळा निघाला. मी पाण्यावर चालणाऱ्या वायूसाठ्याबद्दल वर लिहिलं ते आठवा: अशा साठ्यात वेग आणि विहिरींची संख्या या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत. वाद शेवटी लवादापुढे गेला. ज्यांच्या मालकीचा तो वायू, त्या लोकांपुढे विहीरनिहाय दाबाचे आकडे कधीच नीट मांडले गेले नाहीत.

इतर देशांना हे शहाणपण जन्मजात आलं नाही. 1930 मध्ये पूर्व टेक्सासमध्ये प्रचंड साठा सापडला तेव्हा ज्याची विहीर त्याचं तेल असा कायदा होता, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आधी ओरबाडायला धावला. 1931 मध्ये भाव इतका कोसळला की गव्हर्नरनं तेलक्षेत्रात सैनिक पाठवले. पुढे विहिरींना रोजचा कोटा लावण्याचं काम रेल्वे आयोगाकडे होतं, हीदेखील एक गंमतच. हेतू मुख्यतः भाव सावरण्याचा होता, पण त्या निमित्तानं पाण्याच्या आधारावरचा तो साठा वाचला. पुढच्या दशकात वर आलेलं खारं पाणीही परत खाली सोडायला सुरुवात झाली. आजवर तिथून पाच अब्ज बॅरलहून अधिक तेल निघालं आहे.

नॉर्वेचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे, कारण तिथलं एकोफिस्क हे क्षेत्रही चुनखडीच्याच जातीच्या खडूच्या खडकातलं. 1969 मध्ये ते सापडलं तेव्हा सतरा-अठरा टक्के तेल निघेल असा अंदाज होता. दाब उतरत गेला तसा खडूही दबत गेला, समुद्रतळ खचला, आणि 1987 मध्ये प्लॅटफॉर्म जॅकवर सहा मीटर उचलावे लागले. त्याच वर्षी मोठ्या प्रमाणावर पाणी भरायला सुरुवात झाली. आता अपेक्षित प्राप्ती निम्म्याच्या वर गेली आहे. नॉर्वेच्या तेलक्षेत्रांची सरासरी 47 टक्क्यांच्या घरात सांगितली जाते. जगात साधारण तिसरा हिस्सा निघतो. मला त्यांच्या तंत्रज्ञानाचं फार अप्रूप नाही, ते विकत मिळतं. अप्रूप आहे ते एवढ्याचं की तिथला नियामक क्षेत्रागणिक महिन्याचं तेल, वायू आणि पाणी, मूळ साठा आणि उरलेला साठा हे सगळं वेबसाइटवर टाकतो आणि ते कोणीही पाहू शकतं.

आपल्याकडे नियमनाचं काम हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे आहे. 1993 मध्ये ते स्थापन झालं. पण ते ज्या मंत्रालयाखाली येतं तेच मंत्रालय उत्पादनाची लक्ष्यं ठरवतं आणि सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीची सरकारी मालकीही त्याच्याच अखत्यारीत. घाई करणारा आणि घाईला आवर घालणारा एकाच ताटात जेवतात. 2018 मध्ये वाढीव प्राप्तीच्या पद्धतींना सवलती देणारं धोरण आलं, ते स्वागतार्हच. मात्र त्यातही बक्षीस आहे ते जादा बॅरलला.

आता नवा अध्याय सुरू झाला आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा पुरवायला बीपी या ब्रिटिश तेलकंपनीची निवड झाली, दहा वर्षांसाठी. तेल आणि वायू मिळून उत्पादन सुमारे 60 टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, असं कंपनीनं सूचित केलं आहे. मालकी आणि कारभार ओएनजीसीकडेच आहे. मोबदला पहिली दोन वर्षं ठरावीक, त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलातला हिस्सा. एके काळी दिवसाला चार लाख बॅरल देणारं हे क्षेत्र आज दीड लाखाच्या आत आलं आहे, तेव्हा बाहेरच्या अनुभवी डोळ्यांनी त्याकडे पाहणं वाईट नाही. मी विरोध करत नाही. पण मोबदल्याचं गणित बघा. दहा वर्षांत निघालेल्या जादा तेलावर पैसे मिळणार असतील, तर अकराव्या वर्षी खाली काय राहील याची काळजी त्या हिशेबात कुठे बसते? कुठलीही कंपनी पुढच्या पैशाला आजच्या भावात कापूनच बघते. वर्षाला 10 टक्के दरानं कापलं तर वीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत जेमतेम पंधरा रुपये. त्या हिशेबानं वीस वर्षांनंतरचं तेल वाचवण्यात अर्थ नाही. ज्या देशाला 85 टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणावं लागतं, त्याचा हिशेब तोच असावा का?

जग तेलापासून दूर चाललंय, तेव्हा जमेल तेवढं आत्ताच काढून घ्या, असाही युक्तिवाद आहे. तो मी हलक्यानं घेत नाही. पण मुंबई हायमध्ये जोर केल्यानं जे अडकून राहतं ते ना आत्ता मिळत, ना नंतर. घाईचा हा युक्तिवाद बंदिस्त वायूच्या साठ्याला लागू पडतो. वरून वायूची टोपी आणि अनेक थरांची चुनखडी असलेल्या साठ्याला पडतोच असं नाही.

हे सगळं ठाणे-नवी मुंबईतून का लिहायचं, असं कुणी विचारेल. कारण या समुद्रातल्या नळांचं एक टोक उरणला जमिनीवर येतं. सप्टेंबर 2019 मध्ये तिथल्या प्रकल्पात आग लागून चार जण गेले, ते आपल्या शेजारी घडलं. न्हावा बंदरातून प्लॅटफॉर्मचा पुरवठा होतो. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, असं आयुष्य काढणारी माणसं पनवेल-खारघरच्या सोसायट्यांत राहतात. तेल आणि वायूच्या उत्पादन तंत्रज्ञानावर काम करणारी ओएनजीसीची संस्था पनवेलमध्येच आहे. ज्ञान इथं आहे, जोखीमही इथं आहे, आणि सीएनजीचा दर वाढला की पहिला चटकाही इथल्याच रिक्षाला बसतो. मग उपशाचे निर्णय मात्र दिल्लीतल्या एका रकान्यावर का अवलंबून असावेत?

मागणी फार मोठी नाही. मुंबई हायच्या प्रत्येक मुख्य भागासाठी दरवर्षी एक कागद प्रसिद्ध करावा: मूळ साठा किती, आजवर किती टक्के निघाला, सरासरी दाब किती, वॉटर कट किती, काढलेल्या द्रवाच्या जागी किती पाणी भरलं. यातल्या कशातही व्यापारी गुपित नाही. क्षेत्र सरकारी, तेल जनतेचं. कंपनीचं मूल्यमापन टनांवर असूच नये असं मी म्हणत नाही, पण त्याच्या शेजारी दाब आणि प्राप्तीचा टक्का यांना तेवढंच वजन द्यावं, म्हणजे मार्चमध्ये चोक आवळणाऱ्याला शिक्षा होणार नाही. आणि बाहेरच्या सेवादात्याच्या मोबदल्याचा काही भाग करार संपताना क्षेत्राची तब्येत कशी आहे यावर ठेवावा.

रायगड, ठाणे आणि मावळ या तिन्ही मतदारसंघांतल्या खासदारांना यासाठी साठ्याच्या संगणकी गणिताचा कुठलाही अहवाल वाचायची गरज नाही. करार संपेल त्या वर्षी मुंबई हायच्या मुख्य थरात दाब किती उरलेला असावा आणि तो आकडा करारात लिहिला आहे का, एवढा प्रश्न लोकसभेत विचारला तरी पुष्कळ झालं. उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचेल.